दोन टोल्यांचा हिशेब

ख्रिस्ती दानधर्माविषयी मराठी माणसाची दोन मतं असतात, आणि बरेचदा ती एकाच माणसाची असतात. मिरजेच्या मिशन दवाखान्यात आजोबांचं ऑपरेशन झालं होतं, हे तो कृतज्ञतेनं सांगतो आणि पुढच्याच वाक्यात दुष्काळात पोटासाठी बाटलेल्यांचा विषय काढतो. पहिल्या मतात ख्रिस्ती माणूस देणारा असतो, दुसऱ्यात घेणारा. दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की दान म्हणजे भरल्या हातानं रिकाम्या हातावर काहीतरी ठेवणं. या परंपरेत तसं दान भरपूर झालं. त्यातून दवाखाने उभे राहिले आणि राजवाड्यांना लाजवतील अशी चर्चंही उभी राहिली. पण हा इतिहास जरा सलग वाचला की दिसतं, परंपरा तगवून धरणारा पैसा बहुतांशी वेगळ्या घरांतून आला. जेमतेम भागणाऱ्यांनी नेमानं बाजूला काढलेला तो पैसा आहे. आणि तिच्यातले मोठे वाद झाले ते किती दिलं यावरून नव्हे, घेणाऱ्याचं काय झालं यावरून.

शास्त्रापासून सुरुवात केली तर पहिली गाठ शेताच्या बांधाशी पडते. कापणी करताना कोपरे कापू नका, गळालेली कणसं वेचू नका, द्राक्षमळा ओरबाडून काढू नका, असा नियम लेवीय पुस्तकात आहे. तो माल गरिबाचा आणि परक्याचा. मालकानं तो घरी नेऊन उंबऱ्यावर वाटायचा नाही; ज्याला गरज आहे त्यानं स्वतः येऊन सरवा वेचायचा. कुणापुढे हात पसरायचा नाही की कुणाचे आभार मानायचे नाहीत. मवाबातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात गेली ती याच हक्कानं. दशमांशाचीही एक बाजू हल्ली व्यासपीठावरून फारशी ऐकू येत नाही. अनुवादाच्या पुस्तकानुसार दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा होता, आणि तो लेव्याबरोबर परदेशी, पोरके आणि विधवा यांनी पोटभर खायचा होता.

नव्या करारातलं दानाचं सर्वांत प्रसिद्ध चित्र मंदिराच्या भांडारासमोरचं आहे. श्रीमंत लोक पुष्कळ टाकताहेत, एक विधवा दोन टोल्या टाकते, आणि येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की तिचंच दान सगळ्यांत मोठं. अर्पणाच्या थैल्या फिरवण्याआधी हा उतारा हमखास वाचला जातो. त्याच्या लगेच आधी काय आहे ते मात्र क्वचितच वाचलं जातं. लांब झगे घालून मिरवणाऱ्या, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशूनं नुकतेच ताशेरे ओढलेले असतात. म्हणजे त्या बाईचं कौतुक करताना, जिनं तिच्याकडून शेवटची दमडीही काढून घेतली त्या व्यवस्थेबद्दल त्याला काय वाटत होतं, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते मार्कानं हे दोन प्रसंग मुद्दामच शेजारी ठेवलेत.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातली यरुशलेमची पहिली मंडळी सर्व काही समाईक ठेवत असे, हे वर्णन ख्रिस्ती समाजवाद्यांपासून मठवाल्यांपर्यंत सगळ्यांनी आपापल्या सोयीनं वापरलं. पण त्याच पुस्तकात दोन कटकटीही नोंदवल्यात आणि मला त्या जास्त बोलक्या वाटतात. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्यानं जमीन विकली, थोडे पैसे ठेवून घेतले आणि सगळे दिल्याचा देखावा केला. पेत्र त्यांना ठणकावतो ते पैसे ठेवल्याबद्दल नाही, खोटं बोलल्याबद्दल. जमीन तुमचीच होती, विकल्यावर रक्कमही तुमचीच होती, हे तो स्पष्ट सांगतो. दुसरी कटकट रोजच्या वाटपाची. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं अशी कुरकुर झाली, तेव्हा सात माणसं नेमली गेली आणि त्या सातांची नावं सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातात पळी दिली गेली. मदतवाटपाच्या इतक्या समित्या पुढे झाल्या, एवढं शहाणपण फार थोड्यांनी दाखवलं.

मग येतो पौलाचा निधी, आणि इथं थोडं थांबायला हवं. इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात पौल गलतिया, मासेदोनिया आणि अखया या प्रांतांतल्या मंडळ्यांकडून यरुशलेममधल्या गरिबांसाठी पैसे जमवत होता. देणारे बहुतेक गैरयहूदी, घेणारे यहूदी ख्रिस्ती, आणि या दोघांत सुंता आणि जेवणखाण यांवरून वितुष्ट आलेलं. करिंथकरांना पौलानं लिहून कळवलेली पद्धत अगदी व्यवहारी आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या कमाईच्या मानानं काही बाजूला काढून ठेवायचं, म्हणजे तो आल्यावर ऐनवेळी वर्गणीची धावपळ नको. पैसे पोचवायला मंडळ्यांनीच माणसं निवडायची. एवढ्या मोठ्या रकमेबाबत आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून ही खबरदारी, असं तो कारणही देऊन टाकतो. मासेदोनियाचे लोक स्वतः दारिद्र्यात असून त्यांनी ऐपतीबाहेर दिलं, हे सांगून तो श्रीमंत करिंथकरांना सरळसरळ चुरशीला लावतो. शिवाय त्याचा युक्तिवाद दयेचा नाही. आज तुमच्या जास्तीतून त्यांची तूट भरेल, उद्या त्यांच्या जास्तीतून तुमची, असा समतोलाचा आहे. यातला घेणारा कायमचा घेणारा राहत नाही. हा निधी घेऊन पौल यरुशलेमला गेला, तिथंच त्याला अटक झाली, आणि त्या पैशांचं पुढे नेमकं काय झालं हे कृत्यांचा लेखक सांगत नाही.

दुसऱ्या शतकात ही घडी बसलेली दिसते. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिननं सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. ज्याला शक्य आणि ज्याची इच्छा तो देतो, जमा झालेलं प्रमुखाकडे ठेवलं जातं, आणि तो अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय करतो. चाळीसेक वर्षांनी कार्थेजचा तर्तुलियन सांगतो की आमच्याकडे एक पेटी असते, महिन्यातून एकदा ज्याची इच्छा असेल त्यानं टाकायचं, सक्ती नाही. हा पैसा मेजवान्यांवर उडत नाही, गरिबांच्या अंत्यविधीला, म्हाताऱ्या नोकरांना, जहाज फुटून देशोधडीला लागलेल्यांना आणि खाणीत सक्तमजुरी भोगणाऱ्यांना जातो. २५१ साली रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात लिहितो की त्याची मंडळी १५०० हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. त्या काळी ही मंडळी सरकारदरबारी मान्यताप्राप्तही नव्हती. तिची जमीनजुमल्याची फारशी कमाई नव्हती आणि सम्राटाचा आश्रय तर नव्हताच. एवढी तोंडं भरत होती ती कारागीर, गुलाम, मुक्त झालेले गुलाम आणि काही खात्यापित्या घरांतल्या बायका यांच्या जिवावर.

या यंत्रणेला सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र शत्रूनं दिलं. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतलेला सम्राट जुलियन ३६२ साली गलतियाच्या मुख्य पुरोहिताला पत्र लिहून चिडचिड करतो, की हे गालीली लोक आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्या लोकांना मात्र आमच्याकडून काही मिळत नाही. त्यावर उपाय म्हणून त्यानं देवळांतून धान्य आणि दारू वाटायचा हुकूम काढला. पुढच्या वर्षी तो लढाईत मेला आणि बेत बारगळला. तो जगता तरी फार काही झालं असतं असं वाटत नाही. कोठारातून वाटलेलं धान्य आणि दर आठवड्याला घरोघर बाजूला पडणारा पैसा यांत फरक असतो.

चौथ्या शतकात राज्यच ख्रिस्ती झालं आणि प्रश्नाचा रंग बदलला. आता श्रीमंत लोक मंडळीत होते, पुढच्या रांगेत होते. कैसरियाच्या बासिलानं ३६८-६९ च्या दुष्काळात कोठारं दाबून बसलेल्या जमीनदारांना उपदेशातून फैलावर घेतलं. तुझ्या कपाटात पडलेलं वस्त्र उघड्याचं आहे आणि तुझ्या घरात कुजणारे जोडे अनवाणी माणसाचे, असा त्याचा रोख. त्यानं शहराबाहेर दवाखाना, धर्मशाळा आणि कुष्ठरोग्यांसाठी जागा असलेली वसाहत उभी केली. रुग्णालयांचा इतिहास लिहिणारे आजही तिथून सुरुवात करतात. अंत्युखियातला योहान, ज्याला पुढे क्रिसोस्तोम म्हणजे सुवर्णमुखी म्हणू लागले, याहून कडक. गरिबाला न देणं म्हणजे त्याची चोरी करणं, असं तो तोंडावर सांगे. पण त्याची एक सूचना मला या सगळ्या वक्तृत्वापेक्षा मोलाची वाटते. घरात जिथं तुम्ही प्रार्थना करता तिथं गरिबांसाठी एक लहानशी पेटी ठेवा, प्रार्थनेला उभं राहण्याआधी तिच्यात काहीतरी टाका. चर्चच्या तिजोरीवर विसंबू नका, हे त्यात आलंच. पुढे तो राजधानीत गेला, पण तिथल्या श्रीमंतांना फार दिवस मानवला नाही आणि हद्दपारीत, ४०७ साली, वाटेतच वारला.

पुढच्या हजार वर्षांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, पण आपल्या मुद्द्यापुरतं थोडक्यात सांगता येतं. दशमांश हा स्वखुशीचा नेम होता, तो ७७९ मध्ये शार्लमेननं कायद्यानं सक्तीचा केला आणि त्याबरोबर त्याचा जीव गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तो आता सारा होता. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीनं तो रद्द केला तेव्हा कुणी अश्रू ढाळल्याची नोंद नाही, आणि १८३० च्या दशकात आयर्लंडमध्ये कॅथलिक कुळांनी अँग्लिकन चर्चचा दशमांश द्यायला नकार दिला तेव्हा रक्त सांडलं. याच हजार वर्षांत बेनेडिक्टच्या मठांनी आल्यागेल्या पाहुण्याला ख्रिस्त समजून वागवायचा नियम पाळला, असिसीच्या फ्रान्सिसनं बापाच्या कापडाच्या धंद्यावर पाणी सोडलं, आणि पापक्षमेची प्रमाणपत्रं विकून रोममध्ये बांधकामंही झाली. त्या विक्रीवरून १५१७ साली लूथरनं जे पेटवलं ते सर्वश्रुत आहे. त्यानंच १५२३ मध्ये लायझनिग या गावाच्या ‘समाईक पेटी’च्या नियमांना प्रस्तावना लिहिली, हे त्यामानानं कमी ठाऊक. पेटीला अनेक कुलपं असावीत आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे असाव्यात, असं त्या नियमांत होतं.

आपल्या किनाऱ्यावर ही परंपरा आली ती पोर्तुगीज जहाजांतून. लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लेओनोरनं सुरू केलेली मिझेरिकॉर्दिया ही दयाधर्माची बिरादरी काही दशकांतच गोव्यात रुजली. तिचं काम दयेच्या चौदा कृत्यांनुसार चाले. त्यांतली सात शरीराची : भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, वाटसरूला आसरा, आजाऱ्याची भेट, कैद्याची सुटका आणि मेलेल्याला मूठमाती. बाकीची सात आत्म्याची. गोव्यातली ही संस्था अनाथ मुलींसाठी आश्रम चालवी, कैद्यांना जेवण पोचवी आणि पूर्वेकडे मेलेल्या पोर्तुगीजांची मालमत्ता त्यांच्या मायदेशातल्या वारसांपर्यंत नेऊन देई. त्या काळी हे फारच विश्वासाचं काम होतं. पण याच शतकात, १५४० च्या दशकात, तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाकडे वळवलं गेलं. कागदोपत्री त्याला गावकऱ्यांची संमती होती. ही संमती कशी मिळवली असेल ते सांगायला इतिहासकाराची गरज नाही. दानाची संस्था कितीही निगुतीनं चालवा, तिच्या जमेच्या बाजूला काय लिहिलंय हेही पाहावं लागतं.

गंमत अशी की सत्तेनं लादलेलं बरंच काही विरून गेलं आणि घरगुती रीत टिकली. गोव्यातल्या कॅथलिक घरांत लग्नाच्या आधी ‘भिकाऱ्यांचं जेवण’ घालायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं गरिबांना बोलावून बसवायचं, घरच्यांनी स्वतः वाढायचं, आणि ते जेवून उठल्यावर मग आपण. ज्यांना पितरांचं पान ठाऊक आहे त्यांना यात परकं काही वाटणार नाही. चर्चच्या धर्मशास्त्रात या जेवणाला कुठली जागा द्यायची यावर धर्मगुरूंनी डोकं खाजवलं असेल. बायकांनी भात शिजवला.

एकोणिसाव्या शतकातलं मिशन म्हणजे गोऱ्या साहेबाचा पैसा, हा समज अर्धाच खरा आहे. विल्यम केरीला हिंदुस्थानात पाठवणारी संस्था १७९२ साली केटरिंग गावात एका घराच्या बैठकीत निघाली, आणि तिची पहिली वर्गणी होती १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. केरी स्वतः चांभारकाम केलेला. हेच पुढे सगळीकडे दिसतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या गावोगावच्या मंडळ्या, त्यांतही बायकांची मंडळं आणि रविवारच्या शाळेतली पोरं, यांच्या नाण्यांवर मिशनं चालली. मुक्तिफौजेचा ‘आत्मत्यागाचा आठवडा’ १८८६ मध्ये सुरू झाला तो एका अधिकाऱ्यानं वर्षभर पुडिंग खाणार नाही आणि वाचलेले पैसे देईन म्हटलं म्हणून. पण हा चिल्लर पैसा समुद्र ओलांडून नगरला किंवा सोलापूरला पोचेपर्यंत मोठा होई. त्याच्याबरोबर बंगला, पगार, कंपाउंड आणि साहेबाची मर्जी येई. इथल्या माणसाला दिसे तो बंगला. पुडिंग सोडणारा दिसत नसे.

आणि मग दुष्काळ. १८७६ ते ७८, पुन्हा १८९६-९७, पुन्हा १८९९-१९००. ‘पोटासाठी बाटले’ हा शब्दप्रयोग तिथला. त्यात तथ्य किती? मदत आणि बाप्तिस्मा एकाच हातून मिळत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मिशनऱ्यांनाही याची धास्ती होती. तेलुगू मुलखात ओंगोलच्या जॉन क्लॉ या बाप्टिस्ट मिशनऱ्यानं ७६-७८ च्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या एका तुकड्याचं कंत्राट घेऊन लोकांना मजुरीचं काम दिलं आणि मदत चालू असेतो बाप्तिस्मे बंद ठेवले. मदत थांबल्यावर, ३ जुलै १८७८ या एका दिवसात, २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. ते बहुतेक मादिगा, गावकुसाबाहेरचे. आता यांना काय म्हणायचं? पोट भरून झाल्यावर आलेल्यांना पोटासाठी आलेले म्हणणं जड जातं. भुकेच्या काळात कुणी माणसासारखं वागवलं ही आठवणही एक कारण असते, आणि गावकीनं ते कधी केलं नव्हतं.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न भलताच गुंतागुंतीचा झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन चालत होतं बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. अमेरिकाभर पसरलेल्या ‘रमाबाई सर्कल्स’मधून छोट्या वर्गण्या येत, दहा वर्षं मदतीचं वचन होतं. आणि या ख्रिस्ती देणगीदारांनीच अट घातली होती की शाळेत धर्म शिकवायचा नाही. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठलं, ‘केसरी’नं कोरडे ओढले, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं आणि तिथं कुठल्याच समितीची अट नव्हती. ते उघडउघड ख्रिस्ती होतं. बॉस्टनचा पैसा तटस्थतेचा आग्रह धरत होता आणि रमाबाईंची श्रद्धा त्या आग्रहात मावत नव्हती. परका पैसा धर्म लादतो, या नेहमीच्या तक्रारीच्या नेमकं उलट इथं घडलं. मुक्तीत पुढे विणकाम, शेती, तेलघाणी, छापखाना असं सगळं निघालं, आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्या बायकांनीच छापलं. मला मुक्तीची ही बाजू जास्त महत्त्वाची वाटते. आलेली प्रत्येक जण काहीतरी करत होती.

परक्या पैशाचा हा सल नारायण वामन टिळकांना वेगळ्या ठिकाणी बोचत होता. घरात दमडी नसताना वाटेवरचा माणूस जेवायला आणणारा हा गृहस्थ. त्यांच्या औदार्याची झळ कुणाला लागत होती ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हसतहसत, पण सगळं सांगितलेलं आहे. दानशूर नवऱ्याच्या बायकोचं म्हणणं ख्रिस्ती साहित्यात इतक्या मोकळेपणी दुसरीकडे कुठं आलं असेल असं वाटत नाही. तर हे टिळक १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. मिशनच्या पगारावर उभी असलेली मंडळी देशी होऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते १९१९ मध्येच गेले आणि दरबार फार चालला नाही.

त्याआधी, १९१० च्या एडिंबरा परिषदेत, व्ही. एस. अझरय्या या तरुण तमिळ पाद्र्यानं जमलेल्या मिशनरी मंडळींना भर सभेत ऐकवलं होतं, की तुम्ही गरिबांसाठी संपत्ती दिलीत, शरीरं झिजवलीत, आम्ही उपकार मानतो; पण आम्हाला प्रेम हवं आहे, आम्हाला मित्र द्या. सभेत काहींच्या भुवया चढल्या. अझरय्या पुढे दोर्नकलचे बिशप झाले आणि अतिशय गरीब दलित मंडळ्यांना त्यांनी काय शिकवलं, तर देणं. ख्रिस्ती दानावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. घेणाऱ्याची मान वर करायची असेल तर त्याला द्यायला लावा, असा हा हिशेब आहे, आणि तो पौलाच्या हिशेबाशी तंतोतंत जुळतो.

दानातून मदत आणि मदतीतून सहकार, असाही एक रस्ता याच परंपरेतून फुटला. मराठी वाचकाला तो ओळखीचा आहे, फक्त त्याचं उगमस्थान ठाऊक नसतं. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हा ऱ्हाइनकाठच्या खेड्यांचा धर्मनिष्ठ बर्गमास्टर. १८४६-४७ च्या उपासमारीत त्यानं श्रीमंतांकडून पैसे घेऊन गरिबांना उधारीवर पीठ आणि पाव पुरवले. पुढे श्रीमंतांच्या जामिनावर शेतकऱ्यांना गुरं घ्यायला कर्ज देणारी मंडळी काढली. काही वर्षांत त्याच्या ध्यानात आलं की दात्यांचा उत्साह ओसरतो आणि घेणारे परके ते परकेच राहतात. १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला त्यानं नियम बदलला, कर्ज घेणाऱ्यानं सभासद झालंच पाहिजे. हिंदुस्थान सरकारचा १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा रायफायझनच्या नमुन्यावर बेतलेला होता. आणि याच सहकारी चळवळीच्या ओघात १९१८ साली वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी सावकाराच्या पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी कॅथलिक पतपेढी काढली. आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक ती हीच. वसईच्या केळीच्या आणि पानवेलीच्या बागायतदाराला चर्चच्या दानपेटीतून भाकरी देण्यापेक्षा ही पतपेढी शंभर पटींनी उपयोगी पडली. त्यासाठी कुणाला संत केलं नाही, पण दयेच्या चौदा कृत्यांत पंधरावं घालायचं झालं तर रास्त व्याजाचं कर्ज घालावं असं मी सुचवीन.

लहान हातांच्या नेमाचं आजचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण भारतातलंच आहे, मिझोराममधलं. तिथल्या बायका १९१० पासून ‘बुहफाई थाम’ म्हणजे मूठभर तांदळाचा नेम पाळताहेत. दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात. मंडळीतल्या बायका घरोघर जाऊन तो गोळा करतात, तो विकला जातो, आणि या तांदळातून मिझो चर्चना दरवर्षी कोट्यवधी रुपये मिळतात. ज्यांच्या आजोबांना वेल्श मिशनऱ्यांनी अक्षर शिकवलं, ते आता स्वतःच्या पैशांवर देशभर मिशनरी पाठवतात. हे जमलं कारण मिझोराममध्ये जवळपास सगळं गावच ख्रिस्ती आहे, गोळा करणाऱ्या बाईला दारोदार ओळखतात, आणि एकाही घराला ती मूठ जड नाही. महाराष्ट्रात मंडळ्या विखुरलेल्या, शहरांतल्या फ्लॅटमध्ये वाटल्या गेलेल्या. इथं ते जसंच्या तसं उतरणार नाही.

इथं उतरलं ते हंगामाच्या सणाच्या रूपानं. नगर, सोलापूर, मराठवाड्यातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पीक हाती आल्यावर लोक उपासनेला ज्वारीची कणसं, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, कोंबडा, अंडी घेऊन येतात. शहरातले, ज्यांच्याकडे शेत नाही, ते केक आणतात. उपासना संपली की आवारात लिलाव. अंड्याची बोली शंभराच्या वर जाते, घेणारा पैसे मोजतो आणि अंडं पुन्हा लिलावात ठेवतो, मग तेच अंडं आणखी दोघं घेतात. पाळक बोली लावायला उभे असले तर हशा जास्त आणि रक्कमही जास्त. ज्यांना जास्त बोलता येत नाही त्यांचा भोपळा तरी टेबलावर असतोच. उरलेसुरले संकोच या गलक्यात निघून जातात. शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांतली पोरंही कोंबड्यासाठी बोली लावून जातात.

याउलट गेल्या काही दशकांत वाढलेला एक प्रकार मला खटकतो. प्रवचनात मलाखीचा दशमांशाचा उतारा काढायचा आणि सांगायचं की इतकं पेरलंत तर इतक्या पटीनं उगवेल. नोकरी, व्हिसा, मूल, घर. हे अमेरिकेतून आलं, टीव्हीवरून आलं, आणि रिक्षावाल्यांच्या, घरकाम करणाऱ्या बायांच्या खिशात हात घालतं. त्या बायांना देण्याचा आनंद मिळत असेल, तो मी नाकारत नाही. पण दान ही गुंतवणूक झाली की परतावा न मिळालेल्या माणसाच्या वाट्याला पैसे गेल्याच्या दुःखासोबत विश्वास कमी पडल्याचा दोषही येतो. आणि जमलेल्या पैशांचा हिशेब कुणी विचारला तर तोच माणूस अविश्वासू ठरतो.

परदेशी पैशाचा प्रश्न दरम्यान सरकारनंच ऐरणीवर आणला. परकीय देणग्यांचा कायदा मुळात १९७६ चा, २०१० मध्ये तो नव्यानं झाला आणि २०२० च्या दुरुस्तीनं फार आवळला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली, सगळ्यांचं खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत, आणि एका संस्थेनं मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही. या शेवटच्या अटीनं खेड्यातल्या छोट्या संस्था उघड्या पडल्या, कारण त्यांना पैसा मोठ्या संस्थांमार्फतच येई. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या नोंदणीचं नूतनीकरण डिसेंबर २०२१ मध्ये नाताळच्या दिवशी नाकारलं गेलं आणि जानेवारीत नोंदणी परत मिळाली, त्याची जगभर बातमी झाली. तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या वसतिगृहाची होत नाही. कायद्यामागचा हेतू काय याबद्दल मतभेद होतील, आणि धाक दाखवण्यासाठी त्याचा वापर होतो ही तक्रार मला पोकळ वाटत नाही. तरी टिळक आणि अझरय्या शंभर वर्षांपूर्वी जे म्हणत होते ते मराठी मंडळ्यांना आता नाइलाजानं करावं लागतंय. पाळकाचा पगार, इमारतीची डागडुजी, गरीब विद्यार्थ्याची फी, आजाऱ्याच्या घरी नेलेली मदत, सगळं थैलीत पडणाऱ्या पैशांतून. मिशनच्या काळातल्या जमिनी बऱ्याच ठिकाणी आहेत, पण त्या सांभाळण्यापेक्षा त्यांच्यावरून कोर्टात भांडण्यातच पैसा अधिक जातो, हे कुठल्याही जुन्या मिशनच्या गावी विचारून पाहावं.

म्हणून वार्षिक सभेत इतर विषय अर्ध्या तासात उरकतात आणि जमाखर्चावर चहा दोनदा होतो. सरवा वेचणाऱ्या आजीची नात आता शिक्षिका असते, दरमहा पाकीट भरते, आणि खजिनदाराला विचारते की गेल्या वर्षी गरीब निधीतले पैसे रंगरंगोटीला कसे काय गेले. ती खाती नीट दाखवल्याशिवाय तिला खाली बसवता येत नाही.